आधी टाकी बघा, मग पंप

मालवणातली जुनी बोट खाडीत नीट चालते, लाटांवर गेली की गचके खाऊन बंद पडते, म्हणून इंजिनाला डिझेल देणारा पंप खोलून कोल्हापूरला आणणार म्हणताय. थांबा राव! उद्यमनगरात पंप दुरुस्त होईलही, पण दोष बहुधा डिझेलच्या टाकीत आहे. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं, पाणी तळाला बसतं, गाळ होतो. लाटांनी तो ढवळला की फिल्टर चोक. टाकी धुवा, फिल्टर बदला, डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढा.

आणि हो, समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं फिरतं चाक, बघाच. पातं तुटलं असेल तर तुकडा पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतो. मी तो शोधला नव्हता. देवगडच्या बाहेर इंजिनाच्या तापमानाचा काटा थेट लालवर! सुटे इम्पेलर, फिल्टर घाट उतरायच्या आधीच गाडीत टाका.