कानाच्या वरच्या भागाला सूज, ठणका – थांबावं की लगेच तज्ज्ञांकडे जावं?

धाकट्या बहिणीने कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं. काही दिवस बरं होतं, मग ठणका सुरू झाला. आता वरचा अर्धा कान लालबुंद, गरम आणि इतका सुजलाय की कडेच्या घड्याच दिसेनात. त्या कुशीवर झोपता येत नाही. बारीक तापही आहे. कानाची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी! ऐकू नीट येतं, कानातून काही वाहत नाही.

आमच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि वरून लावायला मलम दिलंय, पण लाली पसरतेच आहे. कोर्स संपेपर्यंत वाट बघावी का? आणि भोक बुजेल म्हणून ती रिंग काढू देत नाहीये. काय करू?

प्रतिसाद १
वाट बघू नका. आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

कानाच्या पाळीत कूर्चा (कानाला आकार देणारा लवचीक, टणक भाग, म्हणजे कार्टिलेज) नसते. त्यामुळे वरचा कान सुजलेला आणि पाळी शाबूत असेल, तर कूर्चेवरच्या आवरणाचा संसर्ग, म्हणजे पेरिकॉन्ड्रायटिस, असण्याची दाट शंका येते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या आवरणातूनच होतं. मध्ये पू साठला की आवरण सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा होतो.

वरच्या कानाला टोचल्यानंतर होणाऱ्या संसर्गात बरेचदा स्युडोमोनास हा जंतू सापडतो. त्याच्यावर अमॉक्सिसिलिन चालत नाही. अशा वेळी सहसा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलं औषध देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दुकानातून परस्पर आणू नका. नुसत्या मलमाने हे आटोक्यात येत नाही. रिंग काढायला सांगतीलच. भोक काय, पुन्हा पाडता येतं.

प्रतिसाद २
माझ्या मामेभावाला हेच झालं होतं. पू झाला होता, चीर देऊन काढावा लागला. वर दाबून पट्टी बांधली होती, पुन्हा साठू नये म्हणून. पू तपासणीला पाठवला, त्यावरून औषध बदललं. कान वाचला, वरची कड जरा जाड राहिली. तुम्ही घरी दाबून-पिळून बघू नका हं.

धागाकर्ती
धन्यवाद! संध्याकाळची वेळ मिळाली आहे. आईला शंका आहे की हे संधिवातासारखं काही नसेल ना? तिच्या मैत्रिणीला कान सुजायचा त्रास होता आणि ती स्टेरॉइड घेते.

प्रतिसाद १
तो रिलॅप्सिंग पॉलिकॉन्ड्रायटिस असू शकेल. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच कूर्चेवर उलटते. त्यातही कानाची पाळी शाबूत राहते, पण बरेचदा दोन्ही कान धरतात, त्रास पुन्हापुन्हा होतो, नाक आणि सांधेही दुखतात. इथे एकच कान, तोही टोचल्यावर, म्हणजे आधी संसर्गच बघतील. मैत्रिणीच्या गोळ्या हिला मुळीच देऊ नका, स्टेरॉइडने संसर्ग बळावेल.

मधुमेह, गरोदरपण किंवा औषधाची ॲलर्जी असेल तर न विचारता सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं, तर ते दुधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांसोबत घ्यायचं नाही.