प्रति: मेकॅनिकलनंतर आंतरशाखीय एमटेक करावं का?

ठाण्यात घोडबंदरला फ्लॅट असलेल्या, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या मेकॅनिकलवाल्याने असं दोन-तीन शाखा एकत्र शिकवणारं एमटेक घ्यावं का, हा मूळ प्रश्न. त्यावर वर आलेलं 'ना धड इकडचा, ना धड तिकडचा' हे उत्तर काही पटलं नाही बुवा.

पवईच्या आयआयटीतलं सिस्टिम्स अँड कंट्रोलच घ्या, म्हणजे कुठलीही यंत्रणा गणिताने मांडून हवी तशी चालवायला शिकणं. स्प्रिंग आणि डँपरला (हालचाल मंदावणारा भाग) लावलेलं वजन आणि सिरीज आरएलसी सर्किट (रेझिस्टर, इंडक्टर, कपॅसिटर एकापुढे एक जोडलेलं), दोघांचं समीकरण एकाच साच्याचं. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डँपरच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहून बघा, मग इलेक्ट्रिकलवाल्यांची भीती आपोआप जाते. घाम फुटतो तो गणिताने. लिनिअर अल्जिब्रा (मॅट्रिक्स वगैरे) पक्का करूनच जा, एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरच्या पुण्याईवर निभत नाही (ती पुण्याईही बहुतेकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री कमावलेली असते).

तिथल्याच सितारा (CTARA) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राचं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट हे एमटेक अगदी वेगळं. तिथे गावात राहून पाणी, शेती, ऊर्जा असले प्रश्न हाताळावे लागतात. एसी केबिन हवी असेल तर तिकडे फिरकू नका.

एमटेकच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या गेट परीक्षेचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा आधी देऊन ठेवा, राजीनामा नंतर. पूर्णवेळ कोर्सला शिष्यवृत्ती महिना 12,400 रुपये. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता त्यात बसणार नाही, तेव्हा घरी आधी बोला. ठाण्यातून पवईला जाणं-येणं मात्र सोपं, कांजूरमार्गला उतरलं की रिक्षा मिळते.