लोकीसारखा लबाड खलनायक मंडईच्या नाटकात कसा बसवावा?

धानबांधी
मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाची संहिता लिहिणं चालू हाय. तीन अंक, पडदा रात्री दहाला. पाटलाचे दोन पोरं, धाकटा पाळलेला, तोच खलनायक. मार्वलच्या सिनेमातल्या लोकीसारखा, थॉरच्या पाळलेल्या भावासारखा पाहिजे: गोडबोल्या, लबाड, पण लोकायनं जीव लावावा असा. पहिल्या खर्ड्यात निस्ता कपटी वाटते, दुसऱ्यात एवढा बिचारा झाला का नायकच फिका पडला. सध्याचा क्रम असा: पहिल्या अंकात भावाच्या धानाचं पुंजणं (कापलेल्या धानाचा ढीग) जाळते, दुसऱ्यात सातबाऱ्यावर आपलं नाव नाही हे समजते, तिसऱ्यात मरते. चुकून कुठं राहिलं?

पडद्यामागे
पुंजण्यात. समोर बसलेले सगळे धानवाले. वर्षाचं पीक जाळणाऱ्याला ते पहाटेपर्यंत माफ करणार नाहीत, मग पुढं त्याला कितीही रडवा.

'थॉर' (2011) पुन्हा पाहा, फक्त लोकीची पहिली खोडी काय आहे तेवढ्यासाठी. भावाच्या राज्याभिषेकाच्या दिवशी तो शत्रूच्या दोन-चार माणसांना चोरवाटेनं आत घेतो. समारंभ मोडतो. त्याचं म्हणणं एकच, थॉर अजून राजा व्हायच्या लायकीचा नाही. आणि थॉर काय करतो? बापाचा हुकूम मोडून थेट शत्रूच्या मुलखात लढाईला जातो आणि बाप त्यालाच हाकलतो. म्हणजे लबाडाचं म्हणणं खरं ठरलं! प्रेक्षक इथंच त्याच्याकडं झुकतो, जन्माचं रहस्य त्यानंतर येतं. तुमच्याकडं मोठ्या भावाचा असा एकही दोष दिसत नाही. तो आधी घाला.

रहस्याचा प्रसंगही बारकाईनं बघा. शत्रूची पेटी उचलल्यावर हात निळे पडतात, म्हणजे तो शत्रूच्याच रक्ताचा निघतो; लोकी बापाला जाब विचारतो, आवाज चढत जातो. बाप, ओडिन, पायरीवर कोसळतो. आता पोरगं बिनबोभाट निघून जाऊ शकतं, पण ते वाकतं, बिचकत बापाच्या हाताला हात लावतं आणि मग पहारेकऱ्यांना हाक मारतं. संवाद नाही, काही नाही. त्या एका हातानं पुढचे सगळे गुन्हे सोसवतात.

वैनगंगाकाठ
हात लावणं पडद्यावर दिसते, मंडपात मागच्या ओळीले नाही दिसत. तिथं आवाजानं काम करा लागते. वरून टांगलेल्या माइकच्या खाली आणूनच "बाबा" म्हणवा, एकदाच, अन् त्याच्या आधी अख्ख्या नाटकात तो बापाले "पाटील" म्हणते असं ठेवा. पुटपुटलेलं वाक्य देऊ नका, हवेतच जाते.

दुसरं, सातबारा काढून टाका. बाप जिता असताना जमीन बापाच्या नावानं, पोराचं नाव तिथं राहतच नाही. पहिल्या ओळीतला म्हातारा मोठ्यानं बोलून दाखवंन अन् गंभीर प्रसंगात हशा होईन. वाटणीपत्र घ्या. मोठा भाऊ मोठ्यानं वाचते, गट नंबर वाचते, नावं वाचते, अन् धाकट्याचं नाव येतच नाही.

तिसरी_घंटा
वरच्या दोघांशी सहमत, पण एक गल्लत होते आहे. कीव वेगळी आणि लबाडीची मजा वेगळी. 'ब्लॅक पँथर' (2018) मधला किलमाँगर कीव येण्यासारखा आहे, लबाड नाही, समोरून येऊन आव्हान देतो. 'द डार्क नाइट' (2008) चा जोकर लबाड आहे, पण ओठांवरच्या वणांची गोष्ट दोनदा दोन तऱ्हेनं सांगतो, म्हणजे कीव करायला खरं काही हातीच लागू देत नाही. 'स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम' (2019) मधल्या मिस्टेरिओचं दुःखच बनाव निघतं आणि आपला जीव तिथंच उडतो. लोकी खोटं सगळ्याबद्दल बोलतो, पण त्याची जखम खरी आहे. तुमच्या धाकट्याला बाकी काहीही खोटं बोलू द्या, पाळलेलं असण्याबद्दल नको.

मजेसाठी खडीगंमत या लोकनाट्यातला सोंगाड्या उसना घ्या. डाव आधी लोकांना सांगायचा, मग खेळायचा. लोक त्याचे भागीदार होतात. आणि निदान एकदा तो स्वतः फसलाच पाहिजे. 'द अ‍ॅव्हेंजर्स' (2012) मध्ये नायकांच्या बाजूची हेर ब्लॅक विडो खचल्याचं सोंग करते, लोकी फुशारकीत बोलत सुटतो आणि हल्कला पिसाळवायचा आपला डाव स्वतःच्याच तोंडानं फोडतो. कधीच न फसणारा लबाड तासाभरात डोक्यात जातो.

मरणाचं सोंग जास्तीत जास्त एकदा. लोकी 2011 ला खाली पडला, 2013 ला "मेला", म्हणून 2018 ला खरंच मेला तेव्हा आता पुन्हा जिवंत होणं नाही, असं त्याला मारणाऱ्या थानोसच्या तोंडी घालावं लागलं. तरी पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही.

धानबांधी
मोठ्याचा दोष घालतो, तापट करतो. पण पुंजणं काढलं तर पहिली खोडी कोणती?

वैनगंगाकाठ
शंकरपट, म्हणजे बैलजोड्यायची शर्यत, घ्या ना जी. मोठ्याची जोडी पटावर उतरणार, त्याच्या आधल्या रात्री धाकटा बैलायले ढेप-चुनी पोटभर चारते अन् सकाळी वरून पाणी पाजते. चारता चारता लोकायले सांगते, "उद्या पाहा जी, कसे डुलत जातीन." भरल्या पोटाचे बैल धावतच नाहीत. बैलायले मारझोड नाही, कोणाचं पीक गेलं नाही, हशा पक्का. मग मोठा भाऊ चार गावायच्या लोकायसमोर गड्यावर हात उचलते, अन् बाप त्याच्याच हातचा कासरा काढून घेते. पडदा तिथंच पाडा.