पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग: डोक्यात कधी शिरलं? तुमचे अनुभव सांगा

माझी भाची यंदा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे तिला. रविवारी लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली मामा हे बघ, दोन विषयांचे मार्क टाकले, ४० आणि ३५, बेरीज करायला सांगितली तर ४०३५ येतंय. मैत्रिणीने सांगितलं इंट (म्हणजे पूर्णांक) लाव, लावलं, ७५ आलं, पण का आलं ते तिला माहीत नाही आणि तेच तिला खातंय. मला माझं पहिलं वर्ष आठवलं. म्हणून विचारतोय, तुम्हाला हे नक्की कशामुळे कळायला लागलं? सविस्तर लिहा, तिला वाचायला देणार आहे.

* * *

डिप्लोमा, २००१, एका पीसीवर तिघं जण. सी भाषेत प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो सीची ती निळी स्क्रीन, कंट्रोल एफ नाइन दाबलं की रन. फॅक्टोरियलचा (एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम सगळ्यांचा चालला, ७ टाकलं की ५०४०, सर पुढच्या बॅचकडे गेले आणि मी सहज ८ टाकलं तर उणे २५२१६. मला वाटलं पीसी बिघडला. सरांना बोलावलं तर त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याच वहीच्या मागच्या पानावर सोळा चौकोन काढले आणि म्हणाले, इंटला इथे एवढीच जागा, ३२७६७ च्या पुढे मावत नाही, ४०३२० कुठे ठेवशील? त्यात पहिला चौकोन चिन्हाचा, तो भरला की आकडा उणे. मग इंटच्या जागी जास्त जागेचं लाँग केलं, छापायला पर्सेंट एलडी टाकलं, बारापर्यंत नीट आलं आणि तेराला परत उत्तर चुकलं. तेव्हा मात्र का ते मीच सरांना सांगितलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

* * *

मी रत्नागिरीकडची, बारावीपर्यंत मराठी मीडियम, बीएस्सीला कॉम्प्युटर घेतला. माझी गाडी एक्स बरोबर एक्स अधिक एक इथेच अडली. गणितात हे खोटंच ना? आठवडाभर मी ते नुसतं वहीत उतरवत होते. होस्टेलच्या एका सीनियर ताईने रात्री मेसमधून डबा आणला, त्यात पाच शेंगदाणे टाकले, म्हणाली आधी उजवीकडचं काढ, पाच अधिक एक सहा, आता ते सहा याच डब्यात ठेव, ते बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘ठेव’, ‘समान’ नाही, समान आहे का विचारायचं तर दोनदा लिही. एवढंच! वर्गात हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर माझा आठवडा वाचला असता. नंतर मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मिळाले, मराठी आवाजात, दहा-दहा मिनिटांचे, थांबवून थांबवून शेजारी टाइप करायची. आपल्या भाषेत ऐकलं की भीती जाते हो, हे मी मनापासून सांगते.

* * *

मला एक राग आहे तो लिहितो. आमच्या कॉलेजात (नाव नको) जर्नल पूर्ण असलं की झालं. वीस प्रोग्रॅम, फ्लोचार्ट, आउटपुट, सगळं सीनियरच्या फाइलवरून हाताने उतरवायचं, सबमिशनच्या आदल्या रात्री. प्रॅक्टिकलला चिठ्ठी आली आर्मस्ट्राँग नंबरची (तीन अंकांच्या घनांची बेरीज तोच आकडा, जसं १५३), मला पाठ होता, पण धांदलीत एक ओळ राहिली आणि १५३ टाकलं तरी ‘नाही’ येत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं का येतंय, तर मी गप्प. केटी लागली, म्हणजे विषय राहिला. सुट्टीत घरी वहीवर कोष्टक आखलं, दर फेरीला एनचा शेवटचा अंक काढून त्याचा घन बेरजेत: एन १५३, अंक ३, बेरीज २७. एन १५, अंक ५, बेरीज १५२. एन १, अंक १, बेरीज १५३. आणि एन शून्य! म्हणजे शेवटी मी १५३ ची तुलना शून्याशी करत होतो, मूळ आकडा आधी बाजूला ठेवायचा राहिला होता. त्या दुपारी मला जे कळलं ते सहा महिन्यांच्या लॅबमध्ये कळलं नव्हतं. पोरांना कोष्टक आखायला लावा, जर्नल कमी करा.

* * *

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. मी पहिल्या वर्षाला शिकवते, आधी सी, मग पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नपासून पायथॉन. भाषा बदलली तरी पोरं अडतात त्याच जागी. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना सीमध्ये पाच भागिले नऊ आधी लिहिलं की उत्तर कायम शून्य, कारण दोन्ही पूर्णांक, अपूर्णांक टाकूनच दिला जातो. आता पायथॉनमध्ये ते होत नाही पण इनपुटचं सगळं अक्षरं म्हणून येतं, तुमच्या भाचीचं तेच झालंय, तिने आकडे नाही, दोन शब्द जोडले. मी हल्ली पहिल्या तासाला मुद्दाम चुकलेला प्रोग्रॅम देते. आणि एरर आली की वरून नाही, शेवटच्या ओळीपासून वाचायची.

* * *

मी ४१ व्या वर्षी शिकले, हार्वर्डचा सीएस५० हा प्रोग्रॅमिंगचा कोर्स घरबसल्या, फुकट. सुरुवातीला स्क्रॅच, ठोकळे जोडायचे, मग थेट सी. हॅशच्या चिन्हांचा पिरॅमिड काढायचा होता, तीन रात्री गेल्या. शेवटी प्रत्येक ओळीत जागा किती आणि हॅश किती ते कागदावर मोजलं तेव्हा जमला. वयाचा काही संबंध नाही.

* * *

सगळ्यांचे आभार. भाचीने सगळं वाचलं, कोष्टक आखलं, दोन मार्कांभोवती स्वतःच अवतरणचिन्हं काढली आणि म्हणाली हां, हे शब्द होते. मग सरासरी काढली, ३७.५ आली, तर विचारते, मामा तुमच्या सीमध्ये किती आली असती? ७५ भागिले २ टाकून दाखवलं, ३७. आता ती वही घेऊन बसलीये.