स्वमत पण गाइडमधूनच लिहायचं का?

रिकामी_पाटी:
मुलगा नववीत आहे, काल त्याचा चाचणीचा मराठीचा पेपर हाती आला. आवडत्या झाडाबद्दल स्वमत लिहा असा प्रश्न होता. पठ्ठ्याने लिहिलंय, 'आमच्या सोसायटीतला गुलमोहर मला आवडत नाही कारण त्याच्याखाली बाबांची गाडी असते आणि मे महिन्यात रोज ती मलाच पुसावी लागते, पण तो तोडायला माणसं आली तेव्हा मी खाली जाऊन उभा राहिलो, का ते माहीत नाही.' ५ पैकी २. खाली लाल पेनने 'मुद्द्याला धरून लिही'. त्याच्या बाकावरच्या मुलीला साडेचार, तिने लिहिलंय वृक्ष आपले मित्र आहेत, ते आपल्याला प्राणवायू, फळे, फुले व सावली देतात. हे वाक्य मी पण लिहिलं होतं हो, १९९६ ला!

घोकंपट्टी बंद व्हावी, पोरांनी स्वतःचं काहीतरी लिहावं म्हणून तर प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली ना, दहावीला मार्च २०१९ मध्ये. आता बाजारात स्वमताची पण तयार उत्तरं मिळतात. मग गाइडमत म्हणा की सरळ.

खडूवाला:
ताई, उत्तर वाचून मी हसलो आणि मग जरा गप्प पण झालो. पण माझ्या वर्गात ६२ मुलं आहेत, अशा ४ तुकड्या, वर बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची ड्यूटी. बोर्डाचे पेपर तपासताना समोर नमुना उत्तर असतं आणि आम्ही तपासलेलं नियामक परत बघतात. गुलमोहराला ४ दिले तर ते विचारणार कशाच्या आधारावर दिले, तिथे मी काय सांगू, मला भरून आलं म्हणून? आणि प्रश्न *आवडत्या* झाडाचा होता, तुमचा चिरंजीव पहिल्याच ओळीत म्हणतो आवडत नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मी क्लास घेतो त्यामुळे शिव्या पडणार माहितीये, तरी बोलतो. २०१९ विसरलात का सगळे? तोंडीचे २० मार्क काढले, नवीन पॅटर्न आला आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० वर. तेव्हा अकरावीच्या अ‍ॅडमिशनचं काय म्हणून कोण ओरडत होतं? पालकच ना? पुढच्या वर्षी २० मार्क गपचूप परत आले. पालकांना सर्जनशीलता हवी असते पण शेजारच्यांच्या पोराची. माझ्याकडे येणारी प्रत्येक आई पहिलं हेच विचारते, सर, स्वमताच्या नोट्स देता ना?

रिकामी_पाटी:
@डोंबिवली_फास्ट_लोकल मी नाही विचारलं 😅 (बरं, एकदा विचारलं होतं.)

झेडपी_मास्तर:
आमची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. अर्धी गोष्ट सांगून सोडतो, उरलेली पोरं सांगतात. परवा विहिरीत पडलेल्या शेळीची गोष्ट सोडली तर तिसरीतली एक पोरगी म्हणाली, सर, शेळी वर आली नाही, पण विहिरीतल्या कासवाला रोज सकाळी दूध मिळायला लागलं. हे कुठल्या गाइडात आहे सांगा. हीच पोरं पाचवीला हायस्कुलात गेली की दोन वर्षांत चिडीचूप होतात.

पण वरून ढकलून पण हे होत नाही. २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला, साताऱ्याच्या कुमठे बीटात (बीट म्हणजे शाळांचा गट) बायांनी-गुरुजींनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे पोरांनी करून बघत स्वतः शिकायचं, मनापासून काम केलं होतं, ते बघायला गाड्या भरभरून माणसं गेली आणि परत येऊन काय केलं तर फरशीवर तीच वर्तुळं रंगवली अन् ग्रुपवर फोटो टाकले. वर्तुळात पोरं काय करतात ते विचारायला कोण आलंय!

समेवर_या:
मी तबला शिकवतो. पाठांतराला उगाच झोडपताय. 'धाधा तिट धाधा तूना' हा कायदा, म्हणजे मूळ बोलांची बांधणी, बोटात मुरेपर्यंत मी पोराला पलट्याला, म्हणजे त्याच्या फेरफाराला, हात लावू देत नाही. पलटे पण त्याच बोलांतून बांधायचे, बाहेरचा एक बोल आणायचा नाही. आधी दहा निबंध पाठ होऊ देत, भाषा तोंडात बसू दे, मग स्वतःचं सुचेल. कोऱ्या डोक्यातून काय येणार?

रिकामी_पाटी:
@समेवर_या मान्य. पण शिष्याने स्वतःचा पलटा बांधला म्हणून तुम्ही ५ पैकी २ देता का?

समेवर_या:
बेताल असेल तर २ पण देत नाही. तुमच्या मुलाचा मात्र समेवर आला होता हो, 'का ते माहीत नाही' ही सम आहे. मी असतो तर मान डोलावली असती.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
मान डोलावून अकरावीचा कटऑफ पार होत नाही सर.

झेडपी_मास्तर:
@खडूवाला तुम्ही ६२ चं सांगता ते खरंय, माझ्याकडे एकूण १९ आहेत म्हणून मला जमतं. पण चाचणी तर तुमच्या शाळेची, तिथे कुठला नियामक येतो? तिथे तरी सोडा की हात थोडा.

खडूवाला:
चाचणीत सोडला आणि बोर्डात आपटला तर कोणाच्या नावाने बोंब? माझ्याच.

रिकामी_पाटी:
अपडेट. लेकाला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, आई टेन्शन नको घेऊस, पुढच्या वेळी प्राणवायू लिहितो.

खडूवाला:
त्याला सांगा, प्राणवायू पहिल्या ओळीत लिही आणि मग गुलमोहर. साडेतीन मी देईन.