कॅम्पर व्हॅनने कोकण: गाडीची उंची लक्षात घेणारं नेव्हिगेशन आहे का?

कोथरूडकर:
डिसेंबरात भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने पुणे–वेळणेश्वर–गणपतीपुळे–तारकर्ली–आंबोली–पुणे असा बेत आहे. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, पिवळ्या नंबरप्लेटची. छतावरच्या एसीसकट उंची ९ फूट ८ इंच, लांबी २३ फूट. गुगल मॅप्स कारचाच मार्ग देतं. गाडीचं माप विचारात घेणारं आणि रेंज नसताना चालणारं काही आहे का? अमेरिकेतलं आरव्ही लाइफ अ‍ॅप इथे चालेल का?

नकाशेबाज:
आरव्ही लाइफ अमेरिका-कॅनडासाठी आहे, ते सोडा. इथे माप घेणारं फुकटातलं अ‍ॅप म्हणजे ऑसमअँड. पुण्यातच वाय-फायवर महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घ्या. मग सेटिंग्जमध्ये ड्रायव्हिंग प्रोफाइल, त्यात नेव्हिगेशन सेटिंग्ज, त्यात व्हेइकल पॅरामीटर्स. उंची मीटरमध्ये भरायची असते. तुमचे ९ फूट ८ इंच म्हणजे २.९५ मीटर, ३.१ भरा. डांबराचे थर चढत गेले की पुलाखालची जागा कमी होते, पण पाटीवरचा आकडा जुनाच राहतो.

आता यातली मेख. ज्या पुलाची उंची नकाशात कुणी नोंदवलेली नाही, तिथून ऑसमअँड बिनदिक्कत मार्ग काढतं. आपल्याकडचे बरेचसे रेल्वेखालचे बोगदे आणि अवजड वाहनं अडवायला लावलेल्या लोखंडी कमानी अशाच बिननोंदीच्या आहेत. तेव्हा मार्ग आधी घरी बसून ठरवा. संशयाची जागा आली की सॅटेलाइटवर वळण पाहा आणि स्ट्रीट व्ह्यू असेल तर कमान आहे का ते बघा.

घाटवाट:
वरच्या मुद्द्याशी सहमत, पण कोकणात ऑसमअँडवर एकट्याने विसंबू नका. गावातली पाखाडीसुद्धा (दगडी पायवाट) ते कधीकधी रस्ता समजतं. साधी कसोटी: ज्या रस्त्याने एसटी आणि ट्रक रोज जातात तो आपला. एसटीची उंची साधारण तुमच्या गाडीइतकी किंवा जास्तच असते.

त्या हिशेबाने जाताना सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. गुगल किलोमीटर वाचवायला भोरवरून वरंधा घाट सुचवेल, तो घेऊ नका. अरुंद आहे आणि दरडींमुळे वारंवार बंद असतो.

हा मार्ग गुगलवर पक्का करायला मध्ये थांबे टाकावे लागतात: उंब्रज, कोयनानगर, चिपळूण. पिन रस्त्यावरच आणि आपल्या बाजूच्या लेनवर टाका. दुभाजकाच्या पलीकडे पडली तर अ‍ॅप पुढच्या यू-टर्नपर्यंत नेऊन परत आणतं. एका मार्गात नऊ-दहाच्या वर थांबे बसत नाहीत, म्हणून प्रत्येक दिवसाचा मार्ग वेगळा ठेवा आणि रेंज असतानाच सुरू करा. वाटेत ‘जलद मार्ग सापडला’ आलं की नाकारायचं. हे काम शेजारी बसणाऱ्याचं, चालवणाऱ्याचं नव्हे.

आणि पोचायची वेळ कारची असते. घाटात व सागरी मार्गावर त्यात पाऊण पट तरी वाढवा, हायवेला पाव पट पुरे.

खाडीपार:
वेळणेश्वरहून गणपतीपुळ्याला गुगल तवसाळ–जयगड फेरीबोट दाखवेल. बोट वाहनं नेते आणि रस्त्याचा मोठा वळसाही वाचवते. अडचण मागच्या ओव्हरहँगची, म्हणजे मागच्या चाकांपलीकडे आलेल्या भागाची. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि गाडीची मागची बाजू, खाली लटकणारी सांडपाण्याची टाकी किंवा दुमडती पायरी घासते. म्हणून भरतीच्या आसपासची फेरी धरा, टाकी आधी रिकामी करा, चढताना अजिबात तिरपे घेऊ नका. एवढ्या लांबीची गाडी घेतात का हे धक्क्यावर फोन करून विचारा. नको असेल तर मार्गाच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ सुरू करा. नाहीतर रात्री उशिरा नेव्हिगेशन तुम्हाला बंद धक्क्यावर आणून सोडेल.

कोथरूडकर:
फारच उपयोगी. परतीला आंबोली–आजरा–गडहिंग्लज–संकेश्वर–निपाणी ठीक ना? आणि टोलचा अंदाज कुठे मिळेल? फास्टॅगचा वार्षिक पास चालेल का?

घाटवाट:
रस्ता चांगला आहे, पण संकेश्वर आणि निपाणी कर्नाटकात येतात, आणि परमिटची हद्द कुठल्याच अ‍ॅपला कळत नाही. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे का, हे मालकाकडून कागद पाहून ठरवा. फक्त महाराष्ट्राचं असेल तर आजरा–गारगोटी–कोल्हापूर धरा, तो राज्यातच राहतो. थोडा सावकाश होतो इतकंच.

नकाशेबाज:
पास विसरा. तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे, पिवळ्या प्लेटला नाही. गुगलचा टोलही कारचा असतो. तुमची गाडी मिनीबसच्या वर्गात बसली तर जास्त कापला जाईल. खेड-शिवापूर, आणेवाडी नाक्यांपासूनचे दर एनएचएआयच्या (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) टोल माहितीच्या संकेतस्थळावर वर्गानुसार दिलेले आहेत, त्यावरून हिशेब करा. टॅग कोणत्या वर्गाचा आहे तेही गाडी ताब्यात घेतानाच विचारा. चुकीच्या वर्गाचा असेल तर नाक्यावर वाद होतो आणि मागे रांग लागते.

फोन काचेवर उन्हात लावू नका, तापून बंद पडतो. एसीच्या झोताजवळ अडकवा. दुसऱ्या फोनवर ऑसमअँड उघडं ठेवा, सिम दुसऱ्या कंपनीचं.