अनुभव धागा: प्रिन्स ऑफ पर्शिया, पहिला की दुसरा?

पणजीहून

म्हापसा असो की सावर्डे, नव्वदीत ज्याच्या घरी किंवा क्लासमध्ये कॉम्प्युटर होता त्याच्यापाशी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या कॉम्प्युटर गेमचा विषय काढून बघा. बोटं आपोआप शिफ्टच्या बटणाकडे जातात. पण गप्पा बहुतेक वेळा "तो उंदीर आठवतो का?" इथंच थांबतात. मला त्यापुढचं ऐकायचंय, म्हणून हा धागा.

१९८९ साली ऍपल टू या कॉम्प्युटरवर पहिला भाग आला. आपल्या हाती लागला तो १९९०चा, पीसीच्या जुन्या डॉस प्रणालीवरचा. १९९३ला दुसरा आला, 'द शॅडो अँड द फ्लेम'. दोन्ही ब्रोडरबंड कंपनीचे, दोन्ही जॉर्डन मेकनर या गेम बनवणाऱ्याच्या डोक्यातून निघालेले. पहिल्यात खेळ पुरा करायला ६० मिनिटं, तळघरातल्या तुरुंगापासून मनोऱ्याच्या टोकापर्यंत. दुसऱ्यात ७५ मिनिटं, आणि गच्च्या, जहाज, बेट, गुहा, ओसाड नगर, देऊळ असा लांबचा फेरा. तुम्हाला कुठला जवळचा आणि का, ते लिहा. "दोन्ही छान" असं कृपया लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

माझं मत आधीच सांगतो. पहिला. कारण पहिल्यात माणसाच्या अंगाला वजन आहे आणि ते वजन जाणवायला लागणारी रिकामी जागासुद्धा आहे. पळत असताना बाणाचं बटण सोडलं तरी प्रिन्स लगेच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. म्हणजे खड्डा दिसल्यावर विचार करून उपयोग नाही, आधी करावा लागतो. दुसऱ्या भागात अंग तेच आहे, पण भोवती इतकी गर्दी झाली की ते अंग सांभाळायला सवड मिळत नाही.

म्हापशाहून

आमचे काका बोटीवर होते. त्यांनी आणलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रिन्स आधीच होता. मॉनिटर राखाडी. ज्यांनी रंगीत पडद्यावर खेळलंय त्यांना यातली अडचण कळणार नाही. त्या गेममध्ये कुप्या असतात. लाल बुडबुड्यांची कुपी प्यायली की जीव वाढतो, निळ्याची प्यायली की जातो. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसायच्या! म्हणून भावाने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर खोल्यांचे चौकोन आखले आणि विषाच्या कुपीवर फुली मारली. पुढे शेजारची मुलं ती वही उतरवून घ्यायला यायची.

मला आजही तो पहिल्या भागातला काठ धरणं आठवतो. पळत येऊन उडी, हवेत असतानाच शिफ्ट दाबून धरायचं. बोटं काठाला लागतात, अंग भिंतीवर आपटून जरा झुलतं. मग वरचा बाण. आधी कोपरं वर येतात, मग एक गुडघा, मग तो उभा राहतो. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि चित्रामागून चित्र गिरवून काढलं. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, पण तेव्हासुद्धा आम्ही दोघं म्हणायचो की हा खरा कोणीतरी आहे. पहिलाच भाग, प्रश्नच नाही.

वाळपईहून

मी दुसऱ्याच्या बाजूने, आणि ठामपणे.

पहिला भाग सुरू होतो तो खाली दगडात आणि संपतो वर दगडात. दुसरा भाग सुरू होतो काच फोडून! प्रिन्स खिडकीतून गच्चीवर पडतो, पहारेकरी अंगावर येतात, गच्च्यांवरून पळत धक्क्यापर्यंत जायचं आणि सुटलेल्या जहाजावर उडी टाकायची. मग समुद्रात वीज पडून जहाज फुटतं आणि तो एका बेटाच्या वाळूवर जागा होतो. सत्तरी तालुक्यात आम्ही रान, ओहोळ, कडे बघतच वाढलो. कॉम्प्युटरवर आकाश मात्र मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. मागचं चित्र हाताने रंगवल्यासारखं, प्रत्येक ठिकाणचं वेगळं. साउंड कार्ड असलेल्या मित्राकडे तर निवेदकाचा आवाजही ऐकू यायचा.

आणि गोष्ट बघा. पहिल्यात जाफर वजीर आहे, सुलतान लढाईवर गेलाय, राजकन्येला कोंडलंय, तासाभरात पोचा. बस्स. दुसऱ्यात जाफर प्रिन्सचं रूपच चोरतो. राजकन्येसमोर उभा असतो तो जाफर, आणि खऱ्या प्रिन्सच्या अंगावर भिकाऱ्याची लक्तरं. तिलासुद्धा तो ओळखू येत नाही. दार उघडून भागत नाही, "मीच तो" हे सिद्ध करायचंय. एवढी मोठी गोष्ट पहिल्यात कुठे आहे?

एक व्यवहाराची गोष्ट. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि यूपीएस परवडत नव्हता. कंट्रोल-जी दाबून सेव्ह करायची सवय लागली ती आजतागायत आहे, आता ऑफिसच्या फाइलींना लागू पडते.

पेडण्याहून

वाळपईच्या भावांनी गोष्टीचं लिहिलं, मी तलवारीचं लिहितो.

आमच्या घरात दशावतार आहे. जत्रेच्या रात्री राजा आणि राक्षस समोरासमोर येतात तेव्हा वार कमी आणि थांबणं जास्त असतं. मृदंग थांबला की दोघं थांबतात, प्रेक्षक श्वास धरतात आणि मग एकच फटका. पहिल्या प्रिन्सची तलवारबाजी मला तशी वाटते. पहारेकरी एक, आपण एक. पाऊल पुढे, पाऊल मागे, तो उगारतो त्या क्षणी वरचा बाण दाबून वार अडवायचा आणि तसाच परतवायचा. नुसतं शिफ्ट बडवत सुटलात तर सहाव्या लेव्हलचा तो जाड्या पहारेकरी तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. तिसऱ्या लेव्हलच्या सांगाड्याला तर वार करून मरणच नाही. त्याला रेटत रेटत मागे नेऊन खड्ड्यात पाडावं लागतं. म्हणजे लढाईत जागा वापरायची अक्कल हवी. तलवारीचे हावभाव मेकनरने १९३८च्या रॉबिन हूड चित्रपटातल्या एरोल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वावरून घेतले. दोघे पडद्यावर अगदी बाजूने दिसतात असा छोटासा तुकडा त्याला त्यात सापडला होता.

दुसऱ्या भागात पहारेकरी दोन्ही बाजूंनी येतात. एकाकडे तोंड केलं की दुसरा पाठीत. एकाला पाडेपर्यंत दुसरा हजर. तिथं ताल राहत नाही, नुसती झटापट होते. गुहेत जमिनीतून सांगाडे उठतात ते दिसायला भारी आहेत, पण एकाच्या मागे एक आले की पहिल्या भागातल्या त्या एकट्या सांगाड्याची भीती वाटत नाही.

साखळीहून

फक्त एक माहिती. पहिल्या भागात शिफ्ट-एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत थेट जाता येतं, पण घड्याळ १५ मिनिटांवर येतं. पुढचे सगळे मजले तेवढ्यात. करून बघा आणि मग सांगा कुठला भाग अवघड.

डिचोलीहून

मी शाळेत शिकवते. प्रिन्स माझ्या वाट्याला आला तो विद्यार्थ्यांमुळे. सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांना घरी कॉम्प्युटर मिळाले तेव्हा अभ्यासाच्या सीडीच्या आधी त्यांत प्रिन्स पोचला होता. तोपर्यंत तो जुना झाला होता, पण कुठल्याही मशीनवर चालायचा, म्हणून हातोहात फिरला.

पहिल्या भागात पहिल्या लेव्हलनंतर एक खोली येते, कुप्यांनी भरलेली. प्रत्येकीवर एक इंग्रजी अक्षर. गेम सांगतो की माहितीपुस्तिकेचं अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द बघा आणि त्याचं पहिलं अक्षर असलेली कुपी प्या. बरोबर कुपी प्यायल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नक्कल रोखायची ही युक्ती होती. आमच्या मुलांपाशी पुस्तिका कुठून असणार? तर एका मुलाने झेरॉक्स केलेलं एक पान आणलं: कुठल्या पान-ओळ-शब्दाला कुठलं अक्षर, याचं कोष्टक. कुणीतरी कधीतरी मेहनतीने बनवलेलं, प्रतीवरून प्रत काढून इतकं फिकट झालेलं की मुलांनी त्यावर पेनाने पुन्हा गिरवलं होतं. मला त्या पानाचं फार कौतुक वाटलं होतं आणि अजून वाटतं. कोण होता तो पहिला माणूस, गोव्याचा की बाहेरचा, कधी कळणार नाही.

मुलं दुसरा भागही खेळायची. पण कोष्टक बनवावं, नकाशे काढावेत, एकमेकांना शिकवावं असं जे काही वर्गात घडलं ते पहिल्यामुळे. त्याला मर्यादा होती, तो पाठ करता येत होता.

वेर्ण्याहून

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि या दोन भागांतली तुलना मला एकाच गोष्टीवर येऊन थांबते: सावली.

पहिल्या भागाच्या चौथ्या लेव्हलमध्ये आरसा येतो. त्यातून पळत उडी मारल्याशिवाय पुढे वाट नाही. उडी मारली की आपल्यातून एक सावली निघते आणि उलट्या दिशेला पळून जाते. पाचव्या लेव्हलमध्ये ती आपल्यासाठी ठेवलेली मोठी कुपी आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते. सहाव्यात ऐन उडीच्या वेळी दार लावून आपल्याला खाली पाडते. बाराव्यात समोर तलवार घेऊन उभी राहते. तिला वार केला की जीव आपला जातो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. तीही करते. मग दोघं एकमेकांकडे धावतात आणि एक होतात. त्यानंतर जिथं काहीच नव्हतं तिथं पाऊल टाकलं की पायाखाली फरशी तयार होते.

आता यामागचं कारण. मेकनरच्या ऍपल टूची मेमरी संपली होती. प्रिन्सच्या हालचालींची चित्रंच इतकी जागा खात होती की शत्रूसाठी नवीन चित्रं ठेवायला जागा नव्हती. मुळात लढाईच नव्हती त्या गेममध्ये. तेव्हा त्याने प्रिन्सचंच चित्र घेतलं, एक बिट, म्हणजे जेमतेम एक ठिपका, सरकवलं आणि स्वतःशीच एक्स-ऑर केलं, म्हणजे दोन्ही चित्रं जिथं सारखी तिथलं पुसलं, फरक तेवढा ठेवला. जी थरथरती आकृती तयार झाली ती सावली. नवीन चित्रांचा खर्च जवळजवळ शून्य. २०१२ साली त्याच्या जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि ऍपल टूचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला झाला. असेंब्लीत, म्हणजे थेट यंत्राच्या जवळच्या भाषेत, लिहिलेला तो कोड मी सुट्टीत वाचत बसतो. जागेच्या टंचाईतून खेळाचा आत्मा कसा निघाला हे तिथं ओळीओळीत दिसतं.

दुसऱ्या भागाच्या तर नावातच सावली आहे. तिथं ती शेवटाकडे येते, आणि शत्रू म्हणून येत नाही. प्रिन्सच स्वतःच्या देहातून बाहेर पडून सावली होतो आणि देवळातली पवित्र ज्योत उचलतो. कल्पना सुंदर आहे. पण तोपर्यंत तिची ओळख झालेली नसते. पहिल्यात ती आपली कुपी पिते, आपल्याला पाडते, म्हणून तलवार म्यान करताना हात अडतो. तो अडणारा हात दुसऱ्यात नाही.

मडगावहून

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. ब्राउझरमध्ये जुने डॉसचे गेम चालतात, तिथं तिला दोन्ही भाग दाखवले. तिने तुलना तुमच्यापेक्षा वेगळी केली आणि मला ती पटली, म्हणून लिहिते.

पहिल्यात राजकन्या कोंडलेली असते, पण आठव्या लेव्हलमध्ये प्रिन्स दारामागे अडकतो तेव्हा ती आपला पांढरा उंदीर पाठवते. तो येऊन कळ दाबतो आणि दार उघडतं. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "आई, तिनेच वाचवलं त्याला!" खरंच आहे. त्या उंदराशिवाय प्रिन्सची ६० मिनिटं तिथंच संपतात. दुसऱ्यात राजकन्या जादूने आजारी पडून अंथरुणाला खिळलेली, तिला करायला काहीच नाही. एवढे देश, एवढी उडती सतरंजी, उडता घोडा, पण तिच्या वाट्याला एक उंदीरसुद्धा नाही. मुलीने दुसरा भाग अर्ध्यावर सोडला. मीही पहिल्याच्याच बाजूची.

पणजीहून

वेर्ण्याच्या मित्रांनी माझं अर्धं म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. मडगावच्या ताईंचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. गंमत म्हणजे बहुतेकांनी पहिल्या भागात काय काय नाही हेच सांगितलं: जागा नाही, रंग नाही, पुस्तिका नाही. पण वाळपईच्या भावांना अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही. चेहरा चोरला जाण्याची गोष्ट मोठी आहे हे मला मान्य करावं लागेल. ती सांगायला दुसऱ्या भागातल्या गुहा आणि शत्रू म्हणून येणारी उडती मुंडकी एवढी लागतात का, एवढंच विचारतो.

वाळपईहून

लागतात. ज्याचा चेहरा गेला त्याला घरी बसून तो परत मिळत नाही, लांब जावंच लागतं. ओसाड नगरातले ते साप आणि मुंडकी मलाही आवडत नाहीत, ती लेव्हल खरोखर रटाळ आहे. पण शेवट बघा. तीच ज्योत त्याच्या हाती येते आणि ज्याने त्याचं रूप घेतलं त्या जाफरला तो तिने जाळतो. पहिल्यात जाफर तलवारीने मरतो, इतर पहारेकऱ्यांसारखाच.

आणि त्यानंतरचं एक दृश्य कोणी लिहिलंच नाही. सगळं गोड झाल्यावर एक म्हातारी चेटकीण काचेच्या गोळ्यात या दोघांना न्याहाळताना दिसते आणि गेम संपतो. म्हणजे तिसरा भाग मनात होता. १९९९चा थ्रीडी आला, २००३चा सँड्स ऑफ टाइम आला, दोन्हींनी तो धागा उचलला नाही. पहिल्या भागाचं सगळं पुरं झालंय म्हणून तुम्हाला तो आवडतो, ते समजू शकतो. मला त्या म्हातारीचं काय झालं ते अजून हवंय.